अंदाजे पाच वर्षं

२०२५च्या ऑक्टोबरअखेरीस आमचा अकोला जिल्हा देशभरच्या बातम्यांत आला. निमित्त होतं तीन रुपये. पीक हातचं गेलेल्या इथल्या शेतकऱ्यांच्या खात्यांवर प्रधानमंत्री पीक विमा योजनेतून कुणाला तीन, कुणाला पाच, कुणाला २१ रुपये ८५ पैसे जमा झाले होते. शेतकऱ्यांनी ते पैसे जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन चेकनं परत केले. मग केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ही शेतकऱ्यांची थट्टा आहे असं म्हटलं आणि चौकशीचे आदेश दिले.

मी ती बातमी पुण्यात, ऑफिसच्या कॅबमध्ये वाचली. चेकबुकाचं पान फाडून त्यावर अक्षरी 'रुपये तीन फक्त' लिहिताना त्या माणसाचा हात कसा चालला असेल, हा विचार नंतर आला. आधी आला तो इंजिनिअरचा प्रश्न. ही रक्कम जायच्या आधी कुणी पाहिली होती?

उत्तर मला माहीत होतं, कारण अशाच फायलींवर माझं पोट चालतं. कुणीच नाही. एखाद्या माणसाच्या नजरेखालून ती गेली असती तर त्याला ती पाठवायला लाज वाटली असती. फाइलला लाज वाटत नाही. रात्री बॅच सुरू होते, एका रकान्यात खाते क्रमांक, दुसऱ्यात रक्कम, आणि सकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज. 'रक्कम शंभराच्या आत असेल तर थांब आणि कुणाला तरी दाखव' ही अट टाकायला एक ओळ पुरते. ती ओळ टाकायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण ती कुणी मागितलेली नसते.

पीक विम्याचं गणित अगदी अवघड नाही. तुमच्या महसूल मंडळात पिकाचं एक उंबरठा उत्पन्न ठरलेलं असतं. कापणी प्रयोगांतून प्रत्यक्ष उत्पन्न काढतात. तूट जितके टक्के, तितका विमा रकमेचा हिस्सा. मेख अशी की माप मंडळाचं आणि नुकसान वावराचं. पूर आला, पाऊस लागून राहिला तर पंचनामा वेगळा, पण त्यासाठी ७२ तासांच्या आत कळवायचं. चिखलात बुडालेल्या वावरात उभं राहून, नेटवर्क नसलेल्या फोनवर, ॲपमध्ये फोटो चढवत.

हे सगळं मला आमच्या दुकानामुळे माहीत आहे. जुन्या शहरात, जयहिंद चौकापासून थोडं आत, बाबांचं झेरॉक्स आणि सीएससीचं दुकान आहे. २०२३च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीक विमा सुरू केला तेव्हा मी सुट्टीवर घरी होते. दुकानासमोर ही रांग. सातबारा, आधार, पासबुक, पेरापत्रक. शेतकरी एक रुपया देणार, त्याच्या वाट्याचा बाकीचा हप्ता सरकार भरणार, आणि अर्ज भरायचे ४० रुपये सीएससीवाल्याला विमा कंपनीकडून मिळणार. बाबा संध्याकाळी सुट्ट्या नाण्यांची चळत लावत आणि म्हणत, "पाह्य, विमा कंपनीचं नशीब माह्या गल्ल्यात." बोगस अर्जांचा बोभाटा झाला आणि २०२५च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद पडली. शेतकऱ्याला पुन्हा खरिपाच्या पिकाला दोन टक्के, कपाशीला पाच टक्के हप्ता आला. स्थानिक आपत्तीचे जास्तीचे निकषही गेले. उरला फक्त कापणी प्रयोग.

आता बाबांची गोष्ट.

कोरोनाच्या पहिल्या वर्षानंतर, डिसेंबर २०२०मध्ये, मी माझ्या पगारातून आईबाबांची आरोग्य पॉलिसी काढली. तेव्हा बाबांना ना शुगर, ना बीपी. २०२१च्या दिवाळीनंतर त्यांना बीपीची गोळी लागली. फेब्रुवारी २०२४मध्ये एका रात्री छातीत कळ आली. काकांनी त्यांना ॲक्टिव्हावर मधे बसवून, मागून शेजारच्या पोरानं धरून, दगडी पुलावरून मोर्णेच्या पलीकडे एका खासगी दवाखान्यात नेलं. सर्वोपचार रुग्णालय आहे, तिथं बाबांचे अर्धे गिऱ्हाईक बरे होऊन येतात, पण त्या रात्री जो आधी लागला तो दवाखाना. स्ट्रेचरवर एका तरुण डॉक्टरनं विचारलं, बीपी किती दिवसांपासून आहे? छातीवर हत्ती बसलेला माणूस म्हणाला, "असन पाच-सा वर्षं."

डॉक्टरनं लिहिलं: उच्च रक्तदाब, पाच वर्षांपासून.

एक स्टेंट. दोन लाख ३८ हजार ४०० रुपये बिल. कॅशलेस नामंजूर. आईची एफडी मोडली, काकांनी सोयाबीनचे पैसे दिले, उरलेलं माझ्या क्रेडिट कार्डावर ईएमआयनं. नंतर भरपाईसाठी कागद पाठवले, तर महिन्याभरानं पत्र: पॉलिसी तीन वर्षांची आणि आजार पाच वर्षांचा, म्हणजे तुम्ही आजार लपवून पॉलिसी घेतली, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. आणि पॉलिसीही रद्द.

बाबांनी ते पत्र दुकानात तीनदा वाचलं. पैशाचं त्यांना वाटलंच असेल, पण ते एकाच शब्दावर अडले होते. "लपवलं? म्या? मले कोनी इचारलं तं म्या सांगतलं ना." पस्तीस वर्षं लोकांच्या कागदांच्या खऱ्या प्रती काढणाऱ्या माणसाला कुणीतरी लेखी खोटारडा म्हटलं होतं, खाली सही नसताना. 'हे पत्र संगणकनिर्मित असल्याने सहीची आवश्यकता नाही.'

हा प्रकार आमच्याच घरी झाला असं नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालाप्रमाणे त्या वर्षी आरोग्य विम्याचे साधारण १ लाख १७ हजार कोटींचे दावे आले आणि ८३ हजार कोटींच्या आसपास दिले गेले. १५ हजार १०० कोटींचे दावे पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून कापले गेले, १० हजार ९३७ कोटींचे फेटाळले गेले. त्यात खोटे दावेही असणारच. फुगवलेली बिलं करणारे दवाखानेही मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण या आकड्यांच्या आत कुठेतरी 'असन पाच-सा वर्षं' म्हणणारे किती बाबा आहेत, त्याचा रकाना अहवालात नाही. वर या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. जुलै २०२४मध्ये नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की हा कर म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरचा कर आहे. वैयक्तिक पॉलिसींवरचा तो कर २२ सप्टेंबर २०२५ला गेला. आम्ही तोवर भरला.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण गंमत तिथं आहे. मी अमेरिकेतल्या आरोग्य विम्याच्या दाव्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिथं दावा नाकारला किंवा कापला की त्याला एक कोड लागतो. १६ म्हणजे माहिती अपुरी. २९ म्हणजे दावा करायची मुदत उलटली. ५० म्हणजे हे उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हते, असं पैसे देणाऱ्याचं मत आहे. हा पन्नास नंबर मला पहिल्या आठवड्यातच खटकला होता. आजारी कोण, तपासलं कोणी आणि मत कोणाचं! पण नियम क्लायंटकडून एक्सेलमध्ये येतात, आम्ही ते मशीनला समजतील असे लिहितो, टेस्ट करतो, पुढे पाठवतो. एका नियमाला दोन दिवस. तो नियम नंतर कितीजणांना लागू झाला हे आम्हाला कळत नाही, दिसतो तो फक्त वेग. मार्च २०२३मध्ये 'प्रोपब्लिका'नं सिग्ना कंपनीबद्दल छापलं होतं की तिच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांत तीन लाखांवर दावे नाकारले आणि एका दाव्यावर सरासरी १.२ सेकंद घालवले. आमच्या टीममध्ये ती लिंक फिरली. एकजण म्हणाला, १.२ म्हणजे रिस्पॉन्स टाइम जरा जास्तच आहे. सगळे हसले. मीही हसले, विनोद चांगला होता.

मग ४ डिसेंबर २०२४. न्यूयॉर्कमध्ये पहाटे युनायटेड हेल्थकेअरचा प्रमुख ब्रायन थॉम्पसन याला रस्त्यात गोळ्या घातल्या. पुंगळ्यांवर इंग्रजीत शब्द लिहिलेले सापडले. त्यातल्या दोहोंचा अर्थ 'लांबवा' आणि 'नाकारा'. पाच दिवसांनी ज्याला अटक झाली तो २६ वर्षांचा, कॉम्प्युटर सायन्स शिकलेला. म्हणजे आमच्याच जातकुळीतला. अमेरिकेत लोकांनी त्या खुनावर हसणाऱ्या इमोजी टाकल्या. आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या चुलतभावानं ती बातमी टाकून खाली लिहिलं, "बरं झालं." त्याला अंगठे आले. आमच्या ग्रुपवर, जिथं एरवी कावडयात्रेचे व्हिडिओ आणि लग्नाच्या पत्रिका येतात.

मला दादाचा राग समजत होता. बाबांना त्या रात्री ॲक्टिव्हावर मागून धरून बसलेला पोरगा त्याचाच मित्र. पण अंगठा माझ्याच्यानं दाबवला नाही. थॉम्पसनच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला, नियमांची एक्सेल तीच राहिली. आणि त्याची दोन पोरं बापाविना झाली. मी बाबांना फोन केला. त्यांचं अजून पैसे मिळालेले नव्हते, तेव्हा मला वाटलं तेही दादासारखंच बोलतील. ते म्हणाले, "त्या मानसाले मारून कोनाचा क्लेम पास झाला का?" आणि मग, जरा थांबून, "पन लोकायले बरं वाटलं हेही खरं आहे. ते कंपनीनं पाहाव."

आपल्याकडे अशा रागाची एक जुनी नोंद आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांना हवे होते कर्जरोखे. रोखे मागितले, मिळाले तिथं जाळले. माणसांना इजा फार थोड्या ठिकाणी झाली, हे इंग्रजांच्या चौकशी आयोगालाही दिसलं. पुढे १८७९चा कायदा आला, त्यात सावकारानं पावती द्यावी, हिशेब द्यावा, रोख्याची नोंदणी व्हावी असं ठरलं. (तो कायदा दख्खनच्या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा आणि ताब्यात इंग्रजांच्या, आमच्या वाट्याला तो नव्हता. नेहमीचंच.) त्या शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपल्याला नेमकं कशानं बांधलंय हे त्यांना बरोबर कळलं होतं. आज तो रोखा कुठल्यातरी सर्व्हरवर असतो, त्याच्या तीन बॅकअप असतात, त्यातल्या एकाची काळजी मी घेते. जाळायला काही नाही. मग मागायला काय आहे, एवढंच मी बाबांच्या प्रकरणात शोधत बसले.

बरंच होतं. आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळचा तीन तासांत द्यायचा. दावा फेटाळायचा तर कंपनीच्या समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली फेटाळला ते लिहून द्यावं लागतं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'लपवलं' म्हणून दावा नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षं होती. आणि विमा लोकपाल आहे. अकोल्याच्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयात जातात. फी नाही, वकील नाही. आधी कंपनीकडे तक्रार, तीस दिवस वाट, उत्तर नाही किंवा नको ते आलं तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे.

पुरावा दुकानातच होता. बाबा कागद टाकत नाहीत. आमच्या फॅमिली डॉक्टरांचा नोव्हेंबर २०२१चा केसपेपर, ज्यावर बीपीची पहिली नोंद. त्याच दिवसाचं मेडिकलचं बिल, गोळ्यांची एक पट्टी. दवाखान्यानं 'रेकॉर्ड बदलता येत नाही' म्हणून हात वर केले होते. व्हिडिओवरच्या सुनावणीत कंपनीच्या माणसानं पाच वर्षांचं वाक्य वाचून दाखवलं. लोकपालांनी बाबांना विचारलं, तुम्ही असं का सांगितलं? बाबा कॅमेऱ्याकडे न बघता, स्क्रीनवरच्या साहेबांकडे बघत म्हणाले, "साहेब, तेव्हा मले माह्यं नावही अंदाजानंच येत होतं."

जानेवारी २०२५मध्ये निकाल आमच्या बाजूनं लागला. पुढच्या महिन्यात दोन लाख २७ हजार १४० रुपये आले. हातमोजे, सिरिंज वगैरेंचे कापून. पॉलिसी पुन्हा सुरू झाली. बाबांनी विचारलं, "ते लपवल्याचं काय? ते खोडलं का त्यायनं?" ते खोडायला कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही. मी शोधला.

आता दुकानाच्या काउंटरवर, लॅमिनेशनच्या रेटकार्डाखाली, बाबांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय: दवाखान्यात आजाराची तारीख विचारली तर अंदाजानं सांगू नका, केसपेपर सोबत ठेवा. लोक तो वाचतात आणि आपापली पत्रं घेऊन येतात. बाबा ती स्कॅन करून मला पाठवतात, स्कॅनचे पैसे घेत नाहीत. रविवारी सकाळी मी ती वाचते. बहुतेक वेळा कलम कुठलं ते समजायला मला एक मिनिट लागतं, कारण हीच भाषा मी सोमवार ते शुक्रवार उलट्या बाजूनं लिहीत असते.

सध्या हरिहर पेठेतल्या एका मावशींचं चालू आहे. गर्भपिशवीचं ऑपरेशन, ८६ हजारांतले ३१ हजार कापलेत, कारण 'वाजवी आणि प्रचलित खर्चापेक्षा जास्त'. प्रचलित कुठे, अकोल्यात की मुंबईत, हे कंपनीला लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. तीस दिवस मंगळवारी संपतात.