पालकांची शिकवणी, पालकांच्या भाषेत

स्पॅनिश भाषेत ‘एदुकासिओन’ असा एक शब्द आहे. दिसायला तो ‘एज्युकेशन’चा सख्खा भाऊ, परंतु मेक्सिकोतील आई आपल्या मुलाला ‘बिएन एदुकादो’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात परीक्षेतील गुण नसतात. मोठ्यांशी कसे बोलावे, पाहुण्यांपुढे कसे वागावे हे त्याला कळते, असे तिला सांगायचे असते. आपण याला संस्कार म्हणतो. हीच आई अमेरिकेतील शाळेत जाते, तेव्हा ती आणि शिक्षिका एकाच शब्दावर दोन निराळ्या गोष्टी बोलत राहतात.

समाजकार्य शिकणाऱ्या माझ्या भाचीने डेट्रॉइट शहरातील एका अभ्यासाचा वृत्तान्त मला वाचावयास दिला, त्यामुळे हे मनात आले. ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन आणि मॅरियन फोरगॅच यांनी पालकांसाठी एक प्रशिक्षणपद्धती घडवली होती. मुलाच्या चांगल्या वागण्याची लगेच दखल घ्यावी, काम लहान पायऱ्यांत सांगावे, चुकीचा परिणाम सौम्य पण ठरलेला असावा, आणि हे सारे व्याख्यानाऐवजी प्रसंग वठवून शिकावे, हा तिचा गाभा. रुबेन पारा-कार्डोना व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेट्रॉइटमधील लॅटिनो स्थलांतरितांसाठी तिची दोन रूपे सिद्ध केली. पहिल्यात हा गाभा त्यांच्याच भाषेत मांडला होता. दुसऱ्यात तोच गाभा कायम ठेवून स्थलांतराचे ओझे, वाट्याला येणारा भेदभाव आणि दोन संस्कृतींत मूल वाढवणे यांवरील सत्रे जोडली होती. १०३ कुटुंबे तीन गटांत विभागली. तिसरा गट प्रतीक्षेत ठेवला. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पाहता पालकांचे कौशल्य दोन्ही रूपांनी सुधारले होते. मात्र मुलांचे आतल्या आत कुढणे, भिणे दुसऱ्या रूपाच्या गटात इतर दोन्ही गटांपेक्षा कमी आढळले.

असे का व्हावे? मला वाटते ते असे. परमुलखात भाषा आधी मुलाला येते. मग दवाखान्यात, बँकेत, घरमालकापुढे तेच दुभाषी होते. भाडे थकल्याचे पत्र वडिलांच्या आधी दहा वर्षांच्या मुलीला कळते, आणि त्याच रात्री वडिलांनी तिला ‘आता झोप’ असे अधिकाराने सांगायचे असते. मारवाडातून आलेल्या माझ्या आजीला मीही मराठी कागद वाचून दाखवीत असे, आणि त्यात मला मोठेपणा वाटे. पण त्या कागदांत कोणाला देशाबाहेर घालवण्याची धमकी नसे. ज्या आईवडिलांपाशी कागदपत्रे नाहीत, त्यांचे मूल शाळेतून परतताना ते घरी असतील ना, याच धास्तीत असते. त्याचा हट्ट निव्वळ हट्ट समजून तक्त्यावर चांदण्या चिकटवीत बसलो, तर शिकवणी बरोबर असूनही मुलापर्यंत पोहोचत नाही.

व्यापारी घरातली असल्याने मला आणखी एक गोष्ट आवडली. नवी पेठ म्हणून या मंडळींनी मालात भेसळ केली नाही, की नुसते वेष्टनही बदलले नाही. गिऱ्हाईक कशाने त्रासले आहे, हे त्यांनी आधी विचारले. अशा कामाला वेळ आणि पैसा लागतो, म्हणूनच बहुतेक संस्था पत्रक अनुवादून मोकळ्या होतात.

मुलांविषयीचे हे निष्कर्ष पालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेले आहेत. ती मुले आता मोठी झाली असतील. दुभाषी होताना त्यांना काय वाटत असे, हे त्यांच्याच तोंडून ऐकावयास मला आवडेल.