चार सुतांचा आटा

बोल्टाला आटे असतात हें सर्वांस ठाऊक आहे. ते मोजावयाचे असतात, हें मात्र आमच्या पांढरपेशा वर्गांत फारच थोड्यांस ठाऊक असावें. आम्हीं उभा जन्म इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविला. कवितेच्या ओळींतील मात्रा मोजणें हा आमचा व्यवसाय. लोखंडावरील मात्रा मोजण्याचा प्रसंग पन्नाशी उलटल्यावर आला, आणि तो आळंदीस आला. इंद्रायणीच्या कांठीं मनुष्य काय शोधावयास जातो हें सर्वश्रुत आहे. आम्ही तेथें एका नटाच्या शोधांत हिंडलों, याबद्दल वाचकांनीं आम्हांस अरसिक म्हणूं नये.

आळंदीस आमचें वडिलोपार्जित लहानसें घर आहे आणि त्याच्या माजघरांत आमच्या आजोबांनीं टांगविलेला झोपाळा आहे. पाट सागवानी, सांखळ्या पितळी, आणि तुळईतून आरपार गेलेले चार लोखंडी गज. गजाच्या खालच्या टोंकास कडी, वरच्या टोंकास आटे व नट. आमच्या मातोश्रींचें वय आतां ब्यायशी आहे. दिवसाचे तीनचार तास तरी त्या या झोपाळ्यावर असतात. पायाच्या अंगठ्यानें फरशीला किंचित् स्पर्श करावयाचा आणि झोका घ्यावयाचा, एवढाच व्यायाम त्यांस उरला आहे. दिवाळीस नातवंडें येतात तेव्हां त्यांच्या भोंवतीं आणखी चार जीव त्याच पाटावर दाटीवाटीनें बसलेले असतात.

गेल्या ज्येष्ठांत, पालखीच्या आधींच्या गर्दींत, घर वारकऱ्यांनीं भरलेलें असतां झोपाळ्याचा एक कोपरा कुरकुरूं लागला. शिडी लावून तुळईवर पाहिलें तों एका गजाचे आटे झिजून सुरीच्या पात्यासारखे झाले होते आणि नट त्यांवर नुसता टेकून होता. आम्हीं झोपाळा तत्काळ खालीं उतरविला. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांचा अंगठा फरशीवर तसाच हलत राहिला.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. एका वेल्डरानें नटाला वेल्डिंग मारून टाकण्याचा सल्ला दिला, म्हणजे पुन्हां बघायलाच नको! जी वस्तु पुन्हां बघतांच येणार नाहीं तिच्याखालीं म्हाताऱ्या माणसास बसवावयाचें, हें आमच्या मनास पटेना. दुसऱ्यानें दुकानांतून ‘अर्ध्या इंचाचा’ नवा नट आणून दिला. तो एका चांगल्या गजावर लावून पाहिला. दोन-तीन फेरे सुखानें गेला आणि मग अडला. आणणारा गृहस्थ म्हणाला, “पाना लावा, बसेल.” पाना लावला असता तर तो खरोखरच बसला असता, आणि आंतले आटे चिरडून बसला असता.

मरकळ रस्त्याच्या बाजूस लहान लहान कारखान्यांची जी ओळ आहे, तिच्यांतील एका मिस्त्रींकडे आम्हांस कोणीतरी धाडलें. “या माउली, बसा,” म्हणून त्यांनीं स्टूल पुढें केलें. आमचा व्यवसाय कळतांच मात्र आम्ही ‘सर’ झालों. मिस्त्रींनीं झिजलेल्या गजाकडे फारसें पाहिलें नाहीं. चांगल्या गजांपैकीं एक हातांत घेऊन त्यांनीं खिशांतून पिच गेज काढलें. हें एक फणीसारखें साधन असतें. त्याच्या प्रत्येक पात्याला वेगवेगळ्या मापाचे दांते. एकेक पातें आट्यांवर ठेवून तें उजेडासमोर धरावयाचें. फटींतून उजेड दिसेनासा झाला म्हणजे माप मिळालें. “चार सूत, इंचाला बारा आटे,” ते म्हणाले. “सर, हा व्हिटवर्थ. तुम्हांला दिलेला नट तेराचा, अमेरिकन. जाडी तीच, चाल वेगळी.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच. सुताराच्या तोंडचा हा शब्द लोहारकामांतही चालतो, याचें आम्हांस उगाचच सुख वाटलें. परंतु त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे तो बारा हा आंकडा. तो आला कोठून?

जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानें १८४१ मध्यें लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढें एक निबंध वाचला. त्या काळीं प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीनें आटे पाडीत असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास लागत नसे. व्हिटवर्थनें देशांतील प्रमुख कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचीं मापें घेतलीं आणि त्यांची सरासरी काढून प्रत्येक जाडीस एक संख्या ठरविली. अर्ध्या इंचास बारा. आट्याच्या दोन उतारांमधील कोन पंचावन्न अंश, माथा व तळ गोलसर. आम्हां भाषेच्या लोकांस ही रीत परकी नाहीं. १८३१ मध्यें ज्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला त्या मोल्सवर्थनेंही आपल्या मदतनिसांकडून प्रांतोप्रांतींचे शब्द गोळा करविले होते. लोकांत काय चालतें तें आधीं पाहावयाचें आणि मग त्याचें माप करावयाचें, ही दोघांचीही रीत.

मग १८६४ मध्यें फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनें निराळी पद्धति मांडली. त्याचा कोन साठ अंशांचा, आणि माथा गोल न करतां सपाट. त्याचें म्हणणें असें कीं, पंचावन्न अंशांचा कोन व गोल माथा साधणें कठीण, तर साठ अंश व सपाट माथा कोणताही कारागीर साधूं शकतो. येथपासून इंग्रजी जगांतच दोन घराणीं झालीं. दुसऱ्या महायुद्धांत दोस्तांच्या यंत्रांस एकमेकांचे बोल्ट लागेनात, तेव्हां १९४८ मध्यें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं वॉशिंग्टन येथें समेट केला. कोन अमेरिकेचा राहिला. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, आणि आट्यांचें मापही हळूहळू मिलिमीटरांत गेलें. हळूहळू म्हणण्याचें कारण असें कीं, कायदा कागदावर बदलतो, खणांतील हत्यारें बदलत नाहींत. १९६२ मध्यें मराठी लेखनाचे नियम बदलले, तरी आमच्यासारखे कांहीं हट्टी लोक जुने अनुस्वार देतातच. आणि व्हिटवर्थचा पंचावन्न अंशांचा कोन तर आजही आपल्या प्रत्येकाच्या न्हाणीघरांत आहे. पाण्याच्या नळाचे आटे त्याच कुळांतले. ज्याला आपण अर्धा इंची नळ म्हणतों त्याची बाहेरची जाडी जवळजवळ एकवीस मिलिमीटर असते. त्यांत अर्धा इंच कोठें आहे हें शोधूनही सांपडत नाहीं, पण नळ गळत नाहीं!

मिस्त्रींकडे एक लांकडी खण होता; त्यांत त्यांच्या वडिलांच्या वेळच्या व्हिटवर्थच्या डाय तेलकट कागदांत गुंडाळून ठेविल्या होत्या. दोन सुतांपासून आठ सुतांपर्यंत. मिस्त्रींच्या चिरंजीवांनीं पदविका घेतली आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्यांस लागणाऱ्या वस्तूंचें कांहीं काम ते करतात. तेथें आटे कापून पाडण्याचा वेळच नसतो. दोन कठीण डायांच्या मध्यें गज दाबून फिरवितात आणि आटे उमटतात. कीस पडत नाहीं, धातूचे तंतु तुटत नाहींत, म्हणून असे आटे कापलेल्यांहून बळकटही होतात. चिरंजीवांचें म्हणणें होतें कीं हा खण भंगारांत घालून ती जागा मोकळी करावी. पित्यापुत्रांत हा वाद बरेच दिवस चालला असावा. आमचा गज टेबलावर आल्याबरोबर तो पुन्हां सुरू झाला.

आम्हांस वाटलें होतें कीं मिस्त्री आपल्या खणाचा पक्ष घेतील. आम्हींही मनांतून त्यांच्याच पक्षाचे होतों. आजोबांचा झोपाळा, आजोबांचे आटे! प्रथम त्यांनीं विचार केलाही तसाच. झिजलेलें टोंक इंचभर कापून टाकावें, खालच्या कोऱ्या गजावर चार सुतांची डाय फिरवावी, आणि झोपाळा सरळ राहावा म्हणून चारही गज तितकेच आंखूड करावे. म्हणजे झोपाळा एक इंच वर जाणार. आम्हीं मातोश्रींच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग चारही गज नवे करूं. आणि नवे करायचे तर बारा मिलिमीटरचे करूं, सर. मेट्रिक.”

चिरंजीव चकित झाले, आम्हीही. मिस्त्रींनीं कारण सांगितलें तें असें. एकच गज मेट्रिक केला आणि तीन जुने ठेवले, तर पुढें कधीं तरी कोणी चारही नट काढून अदलाबदल करील. चार सुतांचा नट बारा मिलिमीटरच्या गजावर चढतो, एक-दोन फेरे ढिला फिरून अडतो, आणि खालून पाहणारास बसल्यासारखा दिसतो. म्हणून एका झोपाळ्यांत दोन पद्धति नकोत. आतां चारही नवे व्हावयाचे आहेत, तर व्हिटवर्थ पाडावयास ते आजही तयार आहेत, “पण माझ्यामागें तुम्हांला बाराचा नट कोण देणार? मेट्रिक कुठल्याही दुकानांत मिळेल.” मजबुतींत उणें पडेल काय, असें आम्हीं विचारलें. जाडींतला फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी. शिवाय व्हिटवर्थचा आटा खोल जातो, म्हणून आट्यांच्या तळाशीं उरणारा गाभा दोन्हींत जवळजवळ सारखाच, दहा मिलिमीटरांच्या आसपास. अखेर भार तोलतो तो हा गाभा.

मग डाय निवडण्याचें काम. आमची समजूत अशी होती कीं बारा मिलिमीटर म्हटलें कीं डाय ठरली. तसें नाहीं. बारा मिलिमीटरांतच जाड आटा पावणेदोन मिलिमीटरांच्या अंतराचा असतो आणि बारीक आटा दीड किंवा सव्वाचा. तुळईवर धूळ बसणार, गंज येणार. तेथें जाडच हवा, बारीक आटा लवकर धरतो व लवकर बिघडतो. डाय साध्या कार्बन पोलादाची स्वस्त पडते, पण तापली कीं धार सोडते, हाय-स्पीडची टिकते. षट्कोनी डाय-नट म्हणून जो प्रकार मिळतो तो बिघडलेले आटे साफ करण्यापुरता. कोऱ्या गजावर तो चालवूं नये. मिस्त्रींनीं निवडली ती गोल, एका बाजूनें चिरलेली, हाय-स्पीड पोलादाची डाय. ती ज्या हँडलांत बसते त्याचा मधला स्क्रू आंवळला कीं चीर किंचित् रुंदावते, बाजूचे आंवळले कीं मिटते. पहिला हात डाय उघडी ठेवून मारावयाचा, नट लावून पाहावयाचा, आणि मग केंसाकेंसानें मिटवीत जावयाचें. नटाचे आटे टॅपनें पडलेले असतात. टॅपचें माप हलवितां येत नाहीं, डायचें येतें. म्हणून नट आधीं आणि बोल्ट त्याच्या बेतानें.

काम करतांना मिस्त्री बोलत नाहींत. गजाची जाडी त्यांनीं कानशीनें किंचित् कमी केली, कारण बाजारचा बारा मिलिमीटरचा गज बहुधा बाराहून थोडा अधिकच भरतो आणि डाय त्यावर रुसते. टोंकास उतार दिला. डाय आंकडे कोरलेल्या बाजूनें लावली, तिकडून तिचें तोंड अधिक उघडें असतें. पहिले दोन फेरे डोळा गजाच्या रेषेंत ठेवून, कारण येथें वांकडें गेलें तर शेवटपर्यंत वांकडेंच जातें. तेल, एक फेरा पुढें, अर्धा मागें. मागें फिरवितांना कीस कट्कन् तुटल्याचा आवाज येतो. नट पूर्ण बसून वर तीन आटे उरतील इतकी लांबी, आणि त्यावर आणखी एक चेक नट. नटांतील पहिल्याच आट्यावर सुमारें एकतृतीयांश भार पडतो, असें चिरंजीवांनीं मध्येंच सांगितलें. तें त्यांच्या पुस्तकांत होतें. “म्हणून तर पहिला फेरा सरळ लागतो,” मिस्त्री मान वर न करतां म्हणाले.

संध्याकाळीं चार गज तयार झाले. कड्यांची उंची जुन्या गजाशीं ताडून पाहिली. सुतानें फरक नव्हता. पैसे चुकते करून आम्ही निघतों तों मिस्त्रींनीं जुन्या गजांचे तीन चांगले नट मागून घेतले, रॉकेलमध्यें धुतले, आणि त्या लांकडी खणांत चार सुतांच्या डायजवळ ठेवून दिले. चिरंजीव पाहत होते. खण त्यांनींच सारून बंद केला.