पाण्यातली पाने

सदाशिव पेठेतील आमच्या घरी माशांची एक काचपेटी आहे. पाहुणे मासे पाहतात; मला मात्र त्यातील हायड्रिलाचे कौतुक अधिक. तळ्यात आपोआप माजणारी ही साधी पाणवनस्पती! तिच्या देठाभोवती इवल्याशा पानांची चक्रे असतात आणि उजेड पडला की त्यांतून प्राणवायूचे बुडबुडे मोत्यांसारखे वर चढतात.

गेल्या श्रावणात तिची खालची पाने पिवळी पडली. "फेकून दे रे ते!" आई म्हणाली. पण शेंडा तर हिरवागार होता. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले, की वनस्पती जुन्या पानांतील साठा काढून कोवळ्या पानांना पुरवते. वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटातला घास लेकरांना द्यावा, तसेच हे! लोह मात्र जुन्या पानांतून सहसा हलत नाही. त्याची उणीव झाली, तर कोवळी पानेच आधी फिकटतात. म्हणून कोणते पान पिवळे झाले, हे प्रथम पाहावे.

आमच्या पेटीत मासे दोनच. त्यांच्यापासून पाण्याला मिळणारे नत्र एवढ्या दाटीला कोठून पुरणार? शिवाय आभाळ भरलेले. वरच्या गर्दीतून तळाशी उजेडही पोचेना. मी दाटी विरळ केली, पिवळी पाने खुडली आणि पाणवनस्पतींचे खत अगदी बेताने घातले. ते जास्त झाले तर शेवाळाचेच फावते.

गणपती आले, तेव्हा तळाशी एक कोवळा फाटा फुटला होता. धाकट्या माशाने लगेच त्याला तोंड लावले!