फिकट पट्ट्या

आमच्या कामात जेल वाचायला शिकणं म्हणजे फिकट पट्ट्या बघायला शिकणं. एचआयव्हीचा आरएनए तपासताना जेलवर तुकडे लांबीनुसार वेगळे होऊन दोन-चार पट्ट्या ठळक उमटतात आणि नवखा विद्यार्थी तेवढ्याच मोजून मोकळा होतो. खरी भानगड बाकीच्यांत असते.

हा विषाणू ९,०००च्या आसपास अक्षरांचा, जनुकं ९. सगळा संसार एकाच लांबलचक आरएनएवर. पेशीचं स्प्लायसिंग यंत्र तो ठिकठिकाणी कापून-जोडून ४०हून अधिक प्रकारचे संदेश बनवतं. (स्प्लायसिंग सापडलं तेही १९७७ साली एका विषाणूतच, ॲडेनोव्हायरसमध्ये.) टॅट, रेव्ह, नेफ या जनुकांचे संदेश पुरते कापलेले, २,००० अक्षरांच्या घरातले. उलट गॅग जनुकासाठी आणि नव्या विषाणूत भरायला अख्खा, न कापलेला आरएनए लागतो. म्हणजे कात्री चालायला हवी आणि वेळेवर अडायलाही हवी.

अडवणारी प्रथिनंही पेशीचीच. एचएनआरएनपी ए-१ ठरावीक जागी बसलं की शेजारचा जोड यंत्राच्या नजरेतून सुटतो. एसआर कुळातली प्रथिनं बहुधा यंत्राला बोलावून आणतात. ‘बहुधा’ मुद्दाम लिहिलं. एक्सॉनमध्ये, म्हणजे संदेशात राहणाऱ्या तुकड्यात, मदत करणारं प्रथिन जोडाच्या पलीकडे, कापून टाकल्या जाणाऱ्या इंट्रॉनमध्ये बसवलं की तेच आडवं येतं. पाठ्यपुस्तकातल्या हिरव्या-लाल बाणांवर माझा म्हणूनच फार भरवसा नाही.

या विषाणूचा तिसरा एक्सॉन बघा, अवघ्या ७४ अक्षरांचा. त्यातली ए-१ बसण्याची जागा बिघडवली की हा तुकडा संदेशांत वाट्टेल तसा घुसतो. एरवी दिसेल-न दिसेल अशी पट्टी ठसठशीत होते, अख्ख्या आरएनएची मात्रा घसरते (ती वेगळ्या प्रायमरनं मोजावी लागते) आणि विषाणूची पैदास कोसळते. पेशीनं जोमानं काम केलं आणि विषाणूचं दिवाळं निघालं!

दुसरा एक्सॉन ५० अक्षरांचा. असे तुकडे संदेशात आहेत की नाहीत, एवढासा फरक दिसायचा तर पॉलिॲक्रिलामाइड जेल सावकाश चालवावं लागतं. जेलवर घालण्याआधी तुकड्यांच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरची चक्रं वाढवली की आखूड तुकडे भराभर फोफावतात आणि प्रमाणाचा बोजवारा उडतो. इथे तर सगळा मामलाच प्रमाणाचा.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, जेलचा फोटो छाटून पाठवू नका. पुसट पट्ट्यांसकट अख्खा पाठवा, आणि चक्रं किती चालवली ते खाली लिहा.