त्सो करच्या काठचा क्रौंच

क्रौंच हा शब्द मराठी वाचकाला परिचित आहे तो आदिकवी वाल्मीकींमुळे. व्याधाच्या बाणाने विद्ध झालेला तो पक्षी सारसच असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सारस आम्हां इंदूरकरांना परका नाही. यशवंतसागराच्या परिसरात त्याची जोडी आजही दृष्टीस पडते. याच सारसाचा एक भाऊबंद हिमालयापलीकडच्या उंच पठारावरील पाणथळीत घरटे करतो. काळ्या मानेचा क्रौंच हे त्याचे नाव. त्याच्या दर्शनाची इच्छा मनी धरून आम्ही चार शिक्षक जून २०२३ च्या पूर्वार्धात लडाखला गेलो.

लेह शहरच मुळी साडेअकरा हजार फुटांवर. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून दोन दिवस तेथे विसावून आम्ही निघालो. उपशीपर्यंत सिंधूची सोबत होती. तेथून वाट दक्षिणेला वळते आणि टांगलांग ला ही सतरा हजार फुटांहून उंच खिंड ओलांडून पलीकडच्या पठारावर उतरते. डेब्रिंगनंतर मुख्य रस्ता सोडला, की उघड्या तपकिरी डोंगरांच्या मधोमध एक पांढरी रेघ चमकू लागते. तेच त्सो कर. 'त्सो' म्हणजे सरोवर आणि 'कर' म्हणजे पांढरे. काठावर साचलेल्या मिठाच्या थरांमुळे हे नाव पडले. पूर्वी चांगपा पशुपालक हे मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून दूरवर विकावयास नेत असत. सरोवराची उंची सुमारे १४,८०० फूट. झाड म्हणून नाही. दूरवर तिबेटी रानगाढवांचा एक कळप तेवढा चरत होता.

खाऱ्या सरोवराला लागूनच स्टार्टसापुक त्सो हे गोड्या पाण्याचे लहान सरोवर आहे. त्याच्या भोवती हिरवी पाणथळ कुरणे पसरलेली आहेत, आणि क्रौंचाचा संसार तेथेच असतो. आमच्या लडाखी चालकाने गाडी रस्त्यावरच उभी केली आणि दुर्बीण आमच्या हाती दिली. "सर, येथूनच पाहा. पुढे जायचे नाही," एवढेच तो म्हणाला.

पाण्यातल्या गवताळ उंचवट्यावर एक पक्षी बसलेला होता, दुसरा काही अंतरावर चिखलात चोच खुपसून कंद शोधीत होता. उंची सुमारे चार फूट. अंग राखी-पांढरे, मस्तक आणि मान काळीभोर, माथ्यावर तांबडा टिळा, डोळ्यामागे एक शुभ्र ठिपका. मादी साधारणतः दोन अंडी घालते. महिनाभर दोघे आळीपाळीने उबवतात, आणि पुष्कळदा त्या दोहोंतून एकच पिलू तगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोठण सुरू होण्यापूर्वी त्या पिलाला उडता आले पाहिजे. एवढ्या अपुऱ्या मुदतीत सारा संसार उरकायचा असतो.

जगातल्या पंधरा क्रौंचजातींपैकी विज्ञानाला सर्वांत शेवटी गवसलेली जात ही. रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की यांनी १८७६ मध्ये कोको नोर सरोवराच्या प्रदेशातून तिचे वर्णन केले. आपल्या माणसांचाही या शोधात वाटा आहे. पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे यांनी लडाखातील या पक्ष्यांचे निरीक्षण करून त्यावरील निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. आज जगात या क्रौंचांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. त्यांतील बहुतेक तिबेटच्या पठारावर राहतात. लडाखच्या वाट्याला थोडीच जोडपी येतात.

आम्ही पाहत असतानाच एक पर्यटक गाडी रस्ता सोडून थेट कुरणात शिरली. घरट्यावरचा पक्षी ताडकन उठला. दोघेही मान उंचावून तुतारीसारखा स्वर काढू लागले आणि पावलापावलाने घरट्यापासून दूर सरकले. बोचरा वारा सुटला होता आणि अंडी उघडी पडली होती. छायाचित्रे घेऊन मंडळी हसतखेळत परतली, तरी पक्षी घरट्याकडे लगेच वळला नाही. त्या मिनिटांत आमच्यापैकी कोणीही बोलले नाही. अखेर तो हळूहळू आला, वाकून चोचीने अंडी सारखी केली आणि बसला.

गाड्यांहून मोठे संकट मोकाट कुत्र्यांचे आहे. पर्यटकांच्या तंबूंपाशी आणि छावण्यांपाशी पडणाऱ्या उष्ट्या-खरकट्यावर त्यांची पैदास वाढली. थंडी संपून क्रौंच परततात, तेव्हा ही कुत्री पाणथळीत हिंडून अंडी आणि पिले फस्त करतात. बौद्ध परंपरेत क्रौंच हे दीर्घायुष्याच्या सहा प्रतीकांपैकी एक असल्यामुळे येथला माणूस त्याला इजा करीत नाही. म्हणजे ज्याला शिकाऱ्याचे भय नाही, त्याच्या पिलांचा घास आमच्यासारख्या पाहुण्यांनी टाकलेल्या शिळ्या पोळीच्या तुकड्यापासून सुरू होतो.

शासनाने काही पावले उचलली आहेत. २०२० मध्ये त्सो करची पाणथळ रामसर यादीत समाविष्ट झाली, आणि २०२१ मध्ये लडाखने या क्रौंचाला आपला राज्यपक्षी म्हणून मान दिला. आमचा यशवंतसागरही २०२२ मध्ये त्याच यादीत गेला. परंतु यादी काही घरट्याशी राखण करीत बसत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे हल्ली लडाखची सहल काढतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की त्सो करला गेलात तर गाडी रस्त्यावरच ठेवा, दुर्बीण सोबत न्या, कुत्र्यांना काही घालू नका आणि आपला कचरा लेहपर्यंत परत आणा. क्रौंच लांबूनही छान दिसतो. परतताना मुलांना यशवंतसागराचा सारसही दाखवावा. तेथेही काठाशी थांबूनच.