बंबाची विक्री

सेवानिवृत्त शिक्षकास दिवसाची कोणती वेळ सर्वांत जड जाते, असें कोणीं विचारल्यास मी सकाळीं साडेदहाची असें सांगेन. शाळेच्या पहिल्या घंटेची ती वेळ. स्नानसंध्या आटोपलेली, वर्तमानपत्र जाहिरातींसुद्धां वाचून झालेलें, आणि घरांतील प्रत्येक माणूस आपापल्या कामास लागलेलें. अशा वेळीं मी माजघरांतून ओसरीवर व ओसरीवरून माजघरांत येरझारा घालीत असें. चौतीस वर्षें संस्कृताचे तास घेतलेल्या माणसास ‘आतां तुम्ही स्वस्थ बसा’ हें वाक्य शिक्षेसारखें वाटतें.

माझी ही स्थिति पाहून पुतण्याच्या मुलीनें मला एक उद्योग लावून दिला. इस्लामपूरचें आमचें घर तीन पिढ्यांचें आहे. (गांवाचें नांव ईश्वरपूर करण्याचा निर्णय शासनानें 2025 सालीं जाहीर केला, पण जिभेला साठ वर्षांचें वळण पडलेलें, तें एकाएकीं कसें मोडावें?) माडीवर मोडक्या खुर्च्या, पितळी डबे, दोन शिवणयंत्रें, एक रेडिओ, एक जातें असा सारा संसार धूळ खात पडला होता. ‘आजोबा, यांचे फोटो काढून फोनवर टाकूं. ज्याला हवें असेल तो येऊन घेऊन जाईल,’ असें ती म्हणाली.

माझा विश्वास बसेना. जुनें द्यावयाचें तें बोहारणीला, अशी आमची समजूत. चार लुगड्यांवर एक पातेलें मिळे, आणि त्या पातेल्यापायीं दारांत अर्धा तास घासाघीस चाले. पण नातीनें सांगितलें कीं, अमेरिकेंत 1995 सालीं ‘ईबे’चा बाजार उघडला तेव्हां तेथें पहिल्यानें विकला गेला तो एक मोडका लेझर पॉइंटर! विकणाऱ्यानें घेणाऱ्यास ‘तो मोडका आहे बरें’ असें कळविलें, तर त्या गृहस्थाला मोडकेच जमविण्याचा छंद होता. आपल्याकडेहि 2000 सालीं ‘बाझी’ नांवाचा असा बाजार निघाला व 2004 सालीं ईबेनें तो विकत घेतला. संस्कृतांत ‘आपण’ म्हणजे दुकान किंवा बाजार. हा शब्द शिकवितांना वर्गांत हमखास हंशा पिके. आतां आपणच आपण झालों, असें मनाशीं म्हणून मी कामास लागलों.

आणि खरोखरच साडेदहाची वेळ मजेंत जाऊं लागली. वस्तु पुसणें, मोजणें, तिचें वर्णन लिहिणें. माझें पहिलें वर्णन दीड पानांचें झालें. नातीनें त्याच्या दोन ओळी केल्या. रेडिओ सांगलीच्या एका तरुणानें नेला. जात्याला अद्यापि गिऱ्हाईक नाहीं. आपट्यांच्या संस्कृत कोशाचे तीन खंडहि मीं एकदां फोटोसाठीं खालीं आणले होते. ते मुकाट्यानें पुन्हां कपाटांत ठेविले.

एकदां फसतां फसतां वांचलों, तेंहि सांगून टाकतों. एका गृहस्थानें आपण सैन्यांत असल्याचें सांगून शिवणयंत्र न पाहतांच पसंत केलें आणि ठिपक्यांचें एक चौकोनी चित्र धाडलें. तें फोनवर टिपून मीं आपला गुप्त अंक घातला कीं पैसे माझ्या खात्यांत जमा होतील, असें त्याचें म्हणणें. नात वेळेवर आली म्हणून बरें. 2016 सालीं सुरू झालेल्या यूपीआयच्या व्यवहारांत गुप्त अंक लागतो तो पैसे देतांना; घेतांना नव्हे. कोणाची फसगत झालीच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

पण मला सांगावयाची आहे ती गोष्ट बंबाची. माडीवर तांब्याचा एक मोठा बंब होता. पेशवाईंत कोंकणांतून येऊन पुण्यास वसलेल्या तांबटांची कसब्यांत आळी आहे, तेथून तो वडिलांनीं आणलेला. गच्चीवर सौर बंब बसला आणि हा माडीवर गेला. फोनवर त्याचें चित्र दिसतांच कोल्हापूरचा एक व्यापारी आला, त्यानें तो काट्याला लाविला आणि मोडीच्या भावाहून पांचशें रुपये अधिक देऊन घेऊन गेला. मीं मोठ्या ऐटींत पैसे पत्नीच्या हातीं दिले.

वहिनी त्या वेळीं मिरजेस लेकीकडे गेल्या होत्या. परत आल्यावर कुरडयांचा डबा आणावयास त्या माडीवर गेल्या, आणि रिकाम्या हातानें खालीं उतरल्या. दोन दिवस त्या मजशीं कामापुरतेंच बोलल्या. शेवटीं मींच विषय काढला.

‘विकलात त्याचें कांहीं नाहीं, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘पण तसा काळा बंब घराबाहेर दिलात? मला विचारलें असतेंत तर चिंच लावून घासून दिला असता. नेणारा काय म्हणाला असेल, या घरांत बायका होत्या कीं नाहीं?’

मी निरुत्तर झालों. पुतण्याला मीं विचारलें होतें, पत्नीच्या कानावर घातलें होतें. बत्तीस वर्षें पहांटे चार वाजतां उठून अकरा माणसांच्या स्नानासाठीं ज्यांनीं तो बंब पेटविला, त्यांना विचारावें हें मात्र सुचलें नाहीं. मीं आयुष्यांत त्यांत एक ढलपीहि घातलेली नव्हती. मी फक्त ऊन पाणी घेत आलों. दादा गेल्यावरहि तो वहिनींनींच पेटविला, हें त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आलें.

स्मृतिकारांनीं अठरा व्यवहारपदांत ‘क्रयविक्रयानुशय’ असें एक पद सांगितलें आहे. विकून किंवा घेऊन ज्याला पश्चात्ताप होईल त्याला वस्तु परत घेण्यास वा देण्यास मनूनें दहा दिवसांची मुदत दिली आहे. तो सातवा दिवस होता. मीं तांतडीनें व्यापाऱ्यास फोन केला. मनु त्याच्या गांवींहि नव्हता; बंब पेठ नाक्याजवळ महामार्गावरच्या एका हॉटेलांत केव्हांच गेला होता.

दुसऱ्या दिवशीं रिक्षा करून वहिनी, नात व मी तेथें गेलों. दारांतच बंब मांडलेला, चकाकत होता. तोंडांत एक वेल लावलेली. आम्हीं चहा मागविला. वहिनींचा चहा निवून गेला. त्या उठून बंबाभोंवतीं एक फेरी घालून आल्या, वांकून पाहिलें आणि म्हणाल्या, ‘तोटीखालचा कळंक तसाच ठेवला आहे मेल्यांनीं.’

मग त्यांनीं तेथल्या पोराला हांक मारून अर्धें लिंबू आणि चिमूटभर मीठ मागितलें. सरबतासाठीं हवें असेल अशा समजुतीनें त्यानें साखरहि आणली.