पाण्याकाठचा हिवाळा

पेन्शनरांचा हिवाळा पंचांगाप्रमाणे सुरू होत नाही. तो नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यापासून सुरू होतो. ज्या सरकारने पस्तीस वर्षे आपल्या हजेरीवर विश्वास ठेवला, त्याच सरकारला आता वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत अशी खात्री पटवून द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी बँकेच्या खिडकीशी रांग धरावी लागे. हल्ली मोबाइलसमोर चेहरा धरून पापण्या मिटल्या की काम भागते. दाखला मिळाला म्हणजे जिवंतपणाचा प्रश्न वर्षापुरता मिटतो. परंतु हे जिवंत राहणे कोठे करावे, हा प्रश्न मात्र उरतो. आणि आपणांसारख्या परमुलखात नोकरी केलेल्यांना तो विशेष जाचतो. नोकरीत असेपर्यंत बदलीचा हुकूम आपले गाव ठरवीत असे. साठाव्या वर्षी प्रथमच ते आपण ठरवायचे असते, आणि सवय नसल्यामुळे मन गोंधळून जाते.

माझ्यापुरते म्हणाल तर रेल्वेच्या हिशेबखात्याने मला शेवटी म्हैसूरला आणून सोडले आणि मी येथेच राहिलो. साताऱ्याचे भाऊबंद म्हणतात, "आता आपल्या माणसांत या." अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी असलेला मुलगा म्हणतो, "बाबा, घर विकून टाका आणि कायमचे इकडेच या." पत्नी गेल्यापासून त्याचा हा आग्रह दर हिवाळ्यात वाढत चालला आहे, आणि त्यात प्रेमाखेरीज दुसरे काही नाही हे मला कळते.

निवृत्तीचा विचार करताना मला म्हैसूरचे दोन दिवाण नेहमी आठवतात. एक पूर्णय्या, देशस्थ माध्व घराण्यातले. हैदर, टिपू आणि नंतर पुन्हा ओडेयर अशा बदलत्या सत्तांखाली त्यांनी राज्याचा हिशेब सांभाळला. १८११ साली ते कारभारातून दूर झाले आणि १८१२ च्या मार्चमध्ये श्रीरंगपट्टणात वारले. दुसरे विश्वेश्वरय्या. पुण्यात इंजिनिअरिंग शिकून १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात शिरले. पुढे १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण होते. दिवाणगिरी सोडल्यावर ते चव्वेचाळीस वर्षे जगले. १९३४ साली त्यांनी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले आणि १९६२ साली, शंभरी ओलांडून, जगाचा निरोप घेतला. एकाला निवृत्ती वर्षभरही लाभली नाही आणि दुसऱ्याला ती नोकरीहूनही लांब पडली. आपल्या वाट्याला यांपैकी किती येणार हे कोणत्याच खात्याच्या नियमावलीत लिहिलेले नसते. म्हणून मी रोजच्या दिवसाचाच हिशेब ठेवतो.

तो दिवस कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर सुरू होतो. १८६४ साली, तिसऱ्या कृष्णराज ओडेयरांच्या काळात, शेतीला पाणी मिळावे म्हणून हे तळे बांधले गेले. आता त्याच्या एका अंगाला विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर आहे. ते नाव कुवेंपूंनी दिलेले. ते स्वतः कुलगुरू होते आणि या तळ्याकाठी फिरत असत. येथील कडाका तो काय? जानेवारीच्या पहाटे पारा १६ अंशांच्या आसपास उतरतो, तेवढ्यावर सारे म्हैसूर कानटोपी चढवून बसते. पाण्यावर धुके असते. पाणकावळे पंख वाळत घालतात, झोळीवाले पाणकोळी संथपणे फिरतात, आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला तो काळा पक्षी, ज्याला आपण वारकरी म्हणतो, पाण्यात बुडून पुन्हा वर येतो. "एनु स्वामी, चेन्नागिद्दीरा?" अशी शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांची हाक आली म्हणजे माझी दिवसाची पहिली हजेरी लागते.

घरी परतताना बाजारात अवरेच्या शेंगांचे ढीग दिसतात. थंडीत या शेंगांना एक तेलकट सुवास येतो. कन्नडमध्ये त्याला 'सोगडु' म्हणतात. दाणे भिजवून, एकेक चिमटून त्यांची साल काढायची आणि मग आमटी करायची. आपल्याकडच्या वालाच्या बिरड्याचीच ही सख्खी बहीण. माझी पत्नी कन्नड शिकली ती भाजीवालीकडून, आणि तिचा पहिला शब्द 'अवरेकाई' हाच होता. धनुर्मास लागला की येथल्या देवळांत पहाटे हुग्गीचा नैवेद्य होतो. आपण त्याच महिन्याला धुंधुरमास म्हणतो आणि त्याच पहाटे मुगाची खिचडी खातो. मुलूख बदलला तरी ताटातली ओळख राहते, हे मी तिच्याकडून शिकलो.

ती गेल्यानंतरचा एक हिवाळा मी मुलाकडे काढला. त्याचे घर मेंडोटा सरोवरापासून जवळच आहे. डिसेंबर संपता संपता ते अफाट पाणी एका रात्रीत निश्चल झाले. पुढे बर्फ जाड झाला तशी माणसे त्यावरून चालू लागली. माझ्या वयाचे म्हातारे बर्फाला भोक पाडून, बैठकीवर बसून, तासन्‌तास गळ टाकीत. हे सरोवर केव्हा गोठले आणि केव्हा सुटले याची नोंद तेथे १८५० च्या दशकापासून ठेवलेली आहे. हिशेबखात्यातल्या माणसाला याहून आदरणीय काय वाटणार? त्याच नोंदींवरून दिसते की पूर्वी सुमारे चार महिने टिकणारा बर्फ आता सरासरी तीनच महिने टिकतो. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड होते. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते व तेथेच गोठते. म्हणून बर्फाखाली पाणी वाहते राहते आणि मासे जगतात, असे नातवाने मला समजावून सांगितले.

त्या घरात मला काही कमी नव्हते. सून औषधांच्या वेळा पाळी, नातू पायांत बर्फाचे बूट चढवून देई. तरी दुपारी दोन वाजता सर्वजण कामाला गेलेले असताना खिडकीतून त्या पांढऱ्या पसाऱ्याकडे पाहत बसलो की एक गोष्ट जाणवे: येथे माझी काळजी सर्वांना आहे, पण माझी वाट पाहणारे काम कोणाकडेच नाही. म्हैसुरात उलट आहे. रात्री छातीत कळ आली तर दार उघडायला कोणी नाही, परंतु सकाळी मी तळ्यावर गेलो नाही तर चारजण विचारतात. प्राध्यापकांशी माझा करारच आहे: आठपर्यंत पायरीवरचे वर्तमानपत्र उचललेले दिसले नाही, तर त्यांच्याकडच्या किल्लीने त्यांनी दार उघडावे. त्यांच्यासाठीही मी तेच करतो. हा करार पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. रात्र मोठी असते, आणि मुलाची भीती खोटी नाही.

उत्तर मला सुचले ते नंजनगूड तालुक्यातल्या हदिनारूच्या तळ्यावर. तेथे हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. लडाख, तिबेट, मंगोलिया येथली सरोवरे गोठू लागली की ते हिमालय ओलांडून दक्षिणेत येतात. मंगोलियात गळ्यात खुणेची पट्टी बांधलेले हंस कर्नाटकात आढळले आहेत. हिवाळाभर ते येथल्या शेतांत चरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. त्यांचे घर कोणते, असे कोणी विचारले तर दोन्ही तळी दाखवावी लागतील. मात्र पंखांत बळ असेपर्यंतच ही सोय आहे.

मी मुलाला तसेच कळविले आहे. एप्रिलात मेंडोटाचे पाणी मोकळे झाले की मी येईन आणि नोव्हेंबरात दाखल्याच्या वेळी परत फिरेन. घर विकणार नाही. ज्या वर्षी डॉक्टर विमानप्रवासाला नको म्हणतील, त्या वर्षी मी ज्या तळ्याकाठी असेन तेथेच राहीन; त्यावर मग दोघांनीही वाद घालायचा नाही. त्याने दोन दिवसांनी फोन केला. बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, तिकीट मी काढतो."

संक्रांत चार दिवसांवर आली आहे. येथे तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळे एकत्र करून एळ्ळु-बेल्ल वाटतात, आणि ते खाऊन गोडच बोला असे सांगतात, आपल्या तिळगुळासारखेच. प्राध्यापकांच्या नाती घरोघर वाटायला निघतील, तेव्हा खोबऱ्याचे बारीक तुकडे करून देण्याचे काम यंदा माझ्याकडे आहे. त्या कामाला पुष्कळ वेळ लागतो.